एका घराचा एक सल्ला

किस्से जमवावे लागत नाहीत हो. इस्त्रीला द्यायच्या कपड्यांसारखे आपोआप खुर्चीवर साचत जातात. पूर्वी मी एखादा सांगायला लागलो की सुधा, म्हणजे माझी बायको, आतून ओरडायची, "हा झालाय सांगून!" आता तसं ओरडणारं घरात कोणी नाही, त्यामुळे एकच किस्सा कितीदाही सांगायला मी मोकळा आहे. त्यात काही फार मजा नाही.

आधी आमची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही झाशीचे मराठी. बाहेर सगळा कारभार हिंदीत, मराठी फक्त घरात. आमच्या घरोब्यातली आठ घरं होती. त्यांतलं कुठलंही पोर बारावी होऊन बाहेरगावी कॉलेजला निघालं, की जायच्या दिवशी त्यानं सगळ्या घरी नमस्काराला जायचं. प्रत्येक घरी हातावर चमचाभर दही आणि एक सल्ला. एका घराचा एकच, आणि एकाचा दुसऱ्यानं द्यायचा नाही! "रोजचा अभ्यास रोज" हा फाटकसरांचा. ते गणिताचे मास्तर. मोघेकाकूंनी एकदा चुकून तो देऊन टाकला, तर सर दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

फाटकसरांचाच नातू निखिल पुण्याला निघाला होता. ऐन जूनचा उन्हाळा, आणि झाशीचा जून म्हणजे तुम्हाला काय सांगू! पठ्ठ्यानं सकाळपासून स्वतःचं सोडून सातही घरं केली. सात सल्ले, सात वेळा दही. त्यात प्रत्येक काकूला वाटलं, एवढंसं काय द्यायचं, म्हणून कुठे वाटी, कुठे त्यात साखर.

ललितपूर गेलं तोवर ठीक होतं. बीना स्टेशनवरून त्याचा मला फोन आला, आवाज पार खोल गेलेला.

"बापूकाका, सब सल्ले याद हैं. पण पुढच्या वेळी दही फोनवर द्या!"

*

मोघेकाकूंचा सल्ला ठरलेला. "गाडीत परक्यानं दिलेलं काही खायचं नाही." त्यांच्या धाकट्या भाचीनं, मुग्धानं, तो अगदी मनावर घेतला. समोरच्या बाकावर मऊरानीपुरची एक बाई मुलीला घेऊन बसलेली. तिनं डबा उघडला. पुऱ्या, आंब्याचं लोणचं, गाडीभर वास! "लो बिटिया, खा लो." मुग्धा नाही म्हणाली. दुपारी नाही म्हणाली, संध्याकाळीही नाही. रात्र बिस्किटांवर काढली.

सकाळी पुण्याला उतरून हॉस्टेलवर पोचली, खोलीचं दार उघडलं, तर आत पलंगावर तीच मुलगी, आणि शेजारी ती बाई पेटी लावतेय.

बाई म्हणाली, "अब तो खाओगी?"

चार वर्षं मुग्धा त्याच घरचं लोणचं खात होती. मोघेकाकूंना हे सांगितलं, तर त्या म्हणतात, "गाडीत नाही ना खाल्लं? झालं तर!"

*

बबीन्याच्या छावणीत पोस्टिंगवर असलेले साताऱ्याचे शिंदे सुभेदार आमच्यात आले, तेव्हा त्यांच्या घरालाही रीतसर एक सल्ला नेमून मिळाला. "पहाटे पाचला उठायचं." त्यांच्याच मुलाला तो आठही घरांच्या साक्षीनं दिला गेला. मुलगा आज्ञाधारक. हॉस्टेलवर रोज पाचला उठायचा. बरं, एकटा उठून गप्प बसेल तर सुभेदाराचा मुलगा कसला? मजल्यावरचं एकेक दार ठोठावायचा!

पंधराव्या दिवशी वॉर्डनचा फोन. "सुभेदार साहब, बेटे को इतवार की छुट्टी दिलवा दीजिए. उसे नहीं, हमें चाहिए!"

पुढे सुभेदारांची बदली झाली आणि एक घर कमी झालं. मग फाटकसर मुलाकडे नागपूरला गेले. मग आणखी. माणसं काही भांडून जात नाहीत, सामान बांधून जातात. पोरांना आपणच दही देऊन पाठवलं आणि मग त्यांच्यामागे आईबापही गेले. हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि आलं तेव्हा स्वतःचाच राग आला.

*

माझ्या मुलाचा, अनिकेतचा किस्सा मनाला लागू नये म्हणून मी हसत सांगतो. त्या दिवशी बँकेतून मला सुट्टी मिळाली नाही. तो आईबरोबर सगळी घरं फिरला, आणि मी परस्पर स्टेशनवर गेलो. काय बोलायचं ते मी महिनाभर मनात घोळवलं होतं. चांगलं मोठं भाषण होतं! गाडी आली. तो वाकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो,

"चार्जर घेतलास का?"

"हो."

गेली गाडी. परतताना रिक्षा सीपरी बाजारात आली. सुधा म्हणाली, "अठरा वर्षं वाढवलंत, आणि शेवटी चार्जर?"

आता तो बंगळूरला असतो. दर रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो. मी हो म्हणतो. कधी कधी खरंच जेवलेलो असतो.

*

आमच्या घरचा सल्ला मात्र सगळ्यांत भारी होता, कारण तो सुधाचा होता. "रडू आलं तर आधी जेवून घे, मग रड."

बरुआसागरला नोकरीला असलेल्या आमच्या आपट्यांची मीनल इंदूरला गेली. तिसऱ्याच दिवशी तिचा फोन. "काकू, जेवले. पोटभर जेवले. आता रडूच येत नाहीये, क्या करूँ?"

सुधा म्हणाली, "मग झोप!"

सुधाला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर जी पोरं आली, त्यांना मी तिचंच वाक्य देत होतो. गेल्या वर्षी मोघेकाकूंचा नातू दही चाटत म्हणाला, "काका, ये तो काकीजी का है. आपका कौन सा है?"

पोरगं खोडकर नव्हतं हो, सहज विचारलं त्यानं. पासष्ट वर्षांचा माणूस, आणि स्वतःचा एक सल्ला नाही!

*

यंदा सई निघाली. आमच्या देवधरांची मुलगी, पुण्याला आर्किटेक्चरला. तिच्यानंतर आमच्यात कॉलेजला जाणारं कोणी नाही. घरंही तीनच उरलीत: मोघे, देवधर, आणि मी. म्हणजे सईला नमस्काराला दोनच घरं. तरी तिचे बाबा म्हणाले, "बापूकाका, साडेबाराची गाडी आहे. जमलं तर येऊन जाऊ."

हे "जमलं तर" माझ्या डोक्यातून जाईना. तिनं यावं असं मला फार वाटत होतं. आणि आली, तर तिला माझा स्वतःचा सल्ला द्यायचा होता, शेवटचाच होता तो. मी नागपूरला फाटकसरांना फोन केला. "सर, एखादा शिल्लक आहे का?" सर म्हणाले, "माझा घे. आता मला कुठे लागतोय?" मी नाही घेतला. चार दिवस कागद घेऊन बसलो. "मोठी स्वप्नं बघ" लिहिलं, आणि लाज वाटून खोडलं. "मित्र जपून कर" लिहिलं. शेवटी एक बरंसं जमलं, पाठही केलं. आदल्या दिवशी विरजण लावलं. सकाळी नऊपासून दार उघडं ठेवून बसलो.

दहा वाजले. अकरा वाजले. दह्यावर पुन्हा ताटली झाकली.

सव्वाअकराला फाटकासमोर गाडी थांबली. सई धावत आली. देवधर गाडीतच. तिच्या पायात ते घोट्याच्या वरपर्यंत नाड्यांचे बूट. ते काढायला वेळ कुठला, म्हणून दाराबाहेरच वाकली. मी हातावर दही घातलं.

"काका, जल्दी से सल्ला दीजिए, पापा हॉर्न बजाएँगे."

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य पार गेलं. चारी दिवसांतलं एकही वाक्य आठवेना. आणि तोंडातून निघालं,

"जाऊ नकोस गं."

ती तशीच उभी, हातावर दही. बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. चांगल्या कामाला निघालेल्या पोरीला कोणी असं म्हणतं?

सईनं दही चाटून टाकलं, मागे वळली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली,

"पापा, दस मिनट! काका का सल्ला अभी पूरा नहीं हुआ!"

आणि पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली.