सागाला गुंतलेलं जांभूळ

"साहेब, हे झाड मी आज पाडणार न्हाय," म्हणत मारुतीआप्पांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

लोंढ्याजवळच्या जुन्या सागवनात आमची विरळणी चालू होती. विरळणी म्हणजे दाटीतली काही झाडं काढायची, मग बाकीची जोमानं वाढतात. काढायच्या झाडावर हातोडीनं शिक्का मारतात, त्याला आम्ही मार्किंग म्हणतो. ते फॉरेस्टर म्हणून मीच केलं होतं. आप्पा आमचे सगळ्यात जुने लाकूडतोडे.

मी चिडलोच. शिक्का स्पष्ट, झाड सरळ, ह्यांचं काय बिनसलं? आप्पांनी नुसतं वर बोट केलं. मनगटाएवढा जाड वेल सागावरून शेजारच्या जांभळावर गेला होता. साग पडला की जांभळालाही ओढणार. आणि जांभूळ ओढ्याच्या काठावरचं. त्याच्या मुळांपाशी झरा निघतो, आप्पांची सगळी वाडी तेच पाणी पिते. जांभूळ उपटलं की काठ ढासळणार, झरा गाळानं बुजणार. मार्किंग करताना मी बुंधा बघितला, वर बघितलंच नव्हतं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

वेल त्याच दिवशी तोडून भागत नाही. ओला वेल वर तसाच घट्ट राहतो, तो वर्षभर सुकावा लागतो. रेंजच्या, म्हणजे माझ्या वरच्या साहेबांना फोन केला. लॉट, म्हणजे ठरलेला लाकडाचा माल, अपुरा गेला तर जबाब तुम्ही द्या, म्हणाले. देतो म्हटलं. वेल खाली तोडला, साग ठेवला. आठवड्यात माल कमी का, असा मेमो हातात पडला.

पुढच्या वर्षापर्यंत काचबिंदूनं आप्पांची नजर गेली होती. तरी वेल सुकल्यावर तो साग पाडायचा ठरला, तेव्हा येतो म्हणून हटून बसले. म्हातारा लई हट्टी, पण माझा त्यांच्यावर जीव. जीपमधून नेलं, लांब रस्त्याकडेला बसवलं, शेजारी मीही बसलो.

करवत थांबली. साग कडाडून पडला. आप्पा मान वाकडी करून ऐकत राहिले. दुसरं झाड मोडल्याचा आवाज काही आला नाही.

"एकच पडलं न्हवं?"

"एकच, आप्पा. जांभूळ हाय जागेवर."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि ते रडायला लागले. मलाही राहवलं नाही.

आता मार्किंगला गेलो की मी आधी वर बघतो. संध्याकाळी मान लई दुखते, बायको तेल चोळून देते.