कुंदाताईंची किळस

कुंदाताई आमच्या चाचणीच्या तळ्याच्या गाळात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसायच्या. मी नाक दाबून उभी राहिले की म्हणायच्या, "अगं, चिखल धुतला की जातो. किळस करायची तर माणसांची करावी."

डोंबिवलीच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या मला सीनियर. कोळंबीच्या तळ्यात अँटिबायोटिक उरलंय का, हे जागेवरच सांगणारा सेन्सर आम्ही बनवत होतो. बोटाएवढी पट्टी, तिच्यावर तळ्याच्या पाण्याचा थेंब. औषध असलं की पट्टीतला विजेचा प्रवाह वाढायचा आणि मोबाइलवर रेषेला उंचवटा यायचा. पण खऱ्या तळ्याचं पाणी मिळणार कुठून? एकही मालक आम्हाला जवळ फिरकू देईना. शेवटी ताई मला दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीकाठच्या माहेरी घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, तळं होतं.

पाणी गाळून घेतलं. रेषेला उंचवटा आला. ताईंनी पट्टी बदलली. पुन्हा तेच.

"दादा, काय टाकलंस यात?"

"औषध. कोलबी मरत होती."

"मग ते उतरेपर्यंत विकू नकोस."

"उद्या गारी येतेय. सगलीच असं करतान, कुंदे."

ताईंनी आवाज चढवला नाही. जेवताना समजावते त्याला, असं मला हळूच म्हणाल्या.

ताटात कोळंबीचं कालवण आलं. ताईंनी हात मागे घेतला. वहिनींनी मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "खा गो. ही त्या तल्यातली नाय. घरात आमी खारीतलीच आनतो."

ताई उठल्या. घासही घेतला नव्हता, तरी मोरीत बराच वेळ हात धूत राहिल्या. दादा जेवतच होते.

"म्हणजे तुला सगळं कळतंय," एवढंच त्या दादांना म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ताईंनी मत्स्यखात्याकडे स्वतःच्या नावाने तक्रार दिली. गाडी मात्र ठरल्याप्रमाणे भरून गेली. ती कोळंबी कुणीकुणी आवडीने खाल्ली असेल. तळं बंद झालं ते नंतर. त्याबरोबर ताईंचं माहेरही. सख्ख्या भावाविरुद्ध कशाला गेलात, असं आमच्या सरांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "राग आला असता तर भांडले असते, सर. मला त्याची शिसारी आली."

गेल्या वर्षी ताई गेल्या. दादा अंत्यदर्शनाला आले, पण ताईंच्या घराच्या दाराबाहेरच थांबले. मला त्यांच्याकडे बघवेना. तरी आत या म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "नको. तिला चाललं नसतं."