डाग कशाचा, विचारायचं नाही

कपडे धुवायच्या त्या दुकानात पुढे काउंटर, मध्ये वाफेच्या इस्त्र्या आणि सगळ्यात मागे, खिडकीखाली, शाईमावशीचं टेबल. एका बड्या माणसाच्या पांढऱ्याशुभ्र कोटावरची शाई तिने अशी काढली होती की तो कोट उलटसुलट करून डाग शोधत बसला. शाई निघाली, पण मावशीला चिकटलेलं नाव काही निघालं नाही.

मालकाचा एकच नियम होता. डाग कशाचा ते आपण वासाने, रंगाने ओळखायचं, गिऱ्हाईकाला विचारायचं नाही. बरोबरच आहे हो! कॉलरला ओठांचा रंग लागलाय तो घरच्या ओठांचा की बाहेरच्या, ही चौकशी आपण कशाला करायची? मावशी मान खाली घालून ब्रश फिरवायची आणि कपडा इस्त्रीवाल्याकडे सरकवायची. इस्त्रीवाला म्हातारा, तिच्याहून घुम्मा. त्या दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टी बाहेर पडल्या असत्या, तर निम्म्या गावात भांडी वाजली असती.

घरी मात्र उलटा कारभार. नवरा दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही, मूलबाळ नव्हतं, आणि उरल्या नणंद-भावजय. नणंद बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना "कुठं जायचंय? किती जण? सुटे आहेत का?" विचारून तिचं तोंड थांबायचं नाही, म्हणून घरी आल्यावर मावशीला विचारायची. काय खाल्लंस, कोण आलं होतं, गप्प का? भांडायला तिसरं माणूस नाही म्हणून दोघी एकमेकींशीच भांडायच्या आणि एकाच पांघरुणात झोपायच्या.

मावशीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा हीच नणंद दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसली होती. ऑपरेशन झालं. मग रोजची एक गोळी सुरू झाली, ती काही वर्षं घ्यायची. गाठीला खतपाणी घालणारं बायकी हार्मोन ही गोळी अडवते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मावशीची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते हार्मोन अंगात थोडं उरतंच म्हणे. गोळीचं नाव घेताना जिभेला गाठ पडायची, म्हणून दोघी तिला नुसतं "ती" म्हणायच्या. "ती घेतलीस का?"

नर्सने बजावून सांगितलं होतं, "आपल्या मनाने बंद करायची नाही. दुसरं कुठलं औषध घ्यायचं तर आधी आम्हाला विचारायचं. पायाला सूज आली, पोटरी दुखली, दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते, थांबायचं नाही. आणि पाळी गेलेल्या बाईच्या कपड्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी त्याच दिवशी इथे यायचं." नणंदेने ते घोकून पाठ केलं. मावशीने मान हलवली.

आणि एका सकाळी ठिपका दिसला.

खरं सांगायचं तर मावशीने विचार केलाच नाही, तिच्या हातांनी केला. चादर ओढली, गार पाण्यात बुडवली, मीठ चोळलं, साबण लावला. नणंद चहा घेऊन येईपर्यंत चादर दोरीवर होती. "आज कसलं खूळ? परवाच तर धुतली होतीस!" नणंद म्हणाली. "घामट झाली होती," मावशी म्हणाली. ते खोटंही वाटलं नाही, कारण त्या गोळीने तिच्या अंगातून अशा वाफा निघायच्या की इस्त्रीवाला म्हणायचा, "मावशी, तुम्हीच हात फिरवा, वाफ वाचेल."

ठिपका पुन्हा आला. पुन्हा धुतला गेला. पण मावशी कोणाला सांगेना. सांगितलं तर पुन्हा ते ऑपरेशनचं टेबल, पुन्हा तो दिवा, पुन्हा कापाकापी. आणि नणंद! तिने आधीच भाऊ गमावलाय, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाला समजवायची. मूठ कसली, आत निखारा होता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, "अंगावरून काही जातं?"

मावशी बोलणार तेवढ्यात नणंद हसली. "छे हो, आता या वयात काय जाणार? काही असतं तर मला कळलं नसतं? मी डोळ्यांत तेल घालून असते हिच्यावर."

"नाही जात," मावशी म्हणाली.

मग तिने आणखी एक शहाणपण केलं. या सगळ्याचं मूळ ती गोळीच असणार, असं तिच्या मनाने घेतलं. नणंद पाकीट तपासायची, म्हणून मावशी रोज गोळी काढायची, तोंडाशी न्यायची आणि मोरीत सोडायची. रक्त थांबेल, कोणाला कळणार नाही, मग पुन्हा सुरू करू. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? रक्त थांबलं नाहीच, उलट वाढलं. आता औषधही नाही आणि रक्तही आहे!

एकदा दुकानात ती स्टुलावरून उठली आणि इस्त्रीवाल्याची नजर स्टुलावर गेली. मावशीने वळून पाहिलं. गादी भिजली होती. म्हाताऱ्याने काही विचारलं नाही. रॅकवरून एक टॉवेल घेतला, घडी उलगडून स्टुलावर घातला आणि परत जाऊन इस्त्री उचलली.

मावशी तिथेच उभी राहिली. विचार ना रे बाबा, एकदा तरी विचार, असं तिच्या मनात आलं. पण तो कसा विचारणार? त्याला तेच तर शिकवलं होतं. तो मान खाली घालून बाह्या दाबत राहिला. मावशीला रडू फुटलं. तिने अंगावर शाल गुंडाळली आणि मालकालाही न सांगता बाहेर पडली.

बसस्टँडवर खिडकीपुढे रांग होती. ती रांगेत उभी राहिली, पुढे सरकत गेली. नंबर आला तशी नणंदेने मान वर न करताच विचारलं, "कुठं जायचंय?"

"वन्सं, दवाखान्यात. माझ्या अंगावरून जातंय. कधीपासूनचं जातंय. गोळी मी मोरीत टाकते."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. तिने खिडकीची फळी खाली ओढली. मागची माणसं ओरडायला लागली, "अहो बाई, गाडी सुटेल आमची!" "सुटू दे!" नणंद आतून किंचाळली.

दवाखान्यात कोणी रागावलं नाही, तेच मावशीला जड गेलं. सोनोग्राफी झाली, आतला तुकडा तपासायला गेला. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयाचं अस्तर वाढलंय आणि पेशी बदलायला लागल्यात. क्वचित होतं या गोळीने, म्हणून तर तो ठिपका आम्हाला कळायला हवा असतो. पिशवी काढावी लागेल."

"पहिल्याच वेळी आले असते तर?"

"नक्की कसं सांगू? कदाचित इथवर आलं नसतं. गोळी आम्हीच थांबवली असती आणि बदलून दिली असती. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या आहेत मावशी, तुमच्या वयाला चालणाऱ्या."

दुसऱ्या गोळ्या आहेत! हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. कसं असणार? तिने विचारलंच कुठे होतं?

घरी आल्यावर नणंद एवढंच म्हणाली, "मी त्या बाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं, काही नाही म्हणून. तू शेजारी बसून ऐकलंस." मावशीने तिचे पाय धरले. नणंदेने पाय मागे घेतले आणि अंथरूण वेगळं घातलं.

ऑपरेशनसाठी भरती व्हायच्या दिवशी मात्र कपड्यांची पिशवी भरून आधी तयार झाली ती नणंदच. नर्सने कागद पुढे ओढला आणि सवयीने नणंदेकडे पाहिलं. "आणखी काही त्रास आहे का यांना?"

नणंदेने तोंड उघडलं आणि मिटलं. मग भावजयीकडे बघून म्हणाली, "तूच सांग. मला काही माहीत नाही."

बाकावरच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या. मावशीने लुगडं घोट्याच्या वर ओढलं.

"डावी पोटरी सुजलीय," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस झाले. हात लावला तरी ठणकते."

नर्स पेन टाकून उठली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली. नणंदेने त्या टम्म फुगलेल्या पोटरीकडे पाहिलं.

"आणखी?"

"आणखी काही नाही वन्सं. शपथ."

नणंदेने तिचा हात हातात घेतला, घट्ट धरला. पण मावशीच्या तोंडाकडे ती तशीच बघत राहिली. तिचा अजून विश्वास बसला नव्हता.