शंभर वेळा धुतलेलं तूप

माझी मुलगी चार महिन्यांची होती तेव्हा आमच्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये जेवढी झोप शिल्लक होती ती सगळी गोळा केली तर एका चमच्यात मावली असती. तो चमचाही नवऱ्याच्या वाट्याला जायचा, कारण त्याला हिंजवडीला जायचं असायचं. वाघोली ते हिंजवडी म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तो सकाळी निघायचा आणि संध्याकाळी परत येईपर्यंत मुलगी बोटभर वाढलेली असायची. मी खोटं सांगत नाही. थोडं वाढवून सांगते, पण खोटं नाही.

झोप गेली ती तिच्या गालावर आलेल्या एका चट्ट्यापायी. आधी टिकलीएवढा होता. आठ दिवसांत त्याचा नकाशा झाला, तालुक्यांसकट. दोन्ही गाल, कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, सगळीकडे लाल, खरखरीत. आणि खाज. तिच्या हातांत मी मोजे घातले, तर एखाद्या पैलवानानं पकड सोडवावी तसे ती ते सोडवायची. नाहीच सुटले तर माझ्या खांद्यावर गाल घासायची. एकदा गाऊन बदलायला घेतला तर खांद्यावर रक्ताचे बारीक ठिपके. तिथं मात्र मला काही वाढवून सांगायचं सुचलं नाही. मी मोरीत उभी राहून ते ठिपके बघत राहिले. त्या दिवसापासून मला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. तिची खाज थांबावी. बाकी मग आभाळ पडलं तरी माझी हरकत नव्हती.

डॉक्टरबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, इसब आहे. एक छोटी नळी दिली, लाल भागावर अगदी पातळ, थोडेच दिवस लावायची. आणि एक मोठी बरणी, पांढऱ्या क्रीमची, दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या अंगाला.

घरी तेव्हा दोन आया होत्या. माझी आई नारायण पेठेतली. कमी बोलते, पण बोललेलं आठवडाभर पुरतं. सासूबाई भंडाऱ्याकडच्या. त्या कानात बोलल्या तरी चौथ्या मजल्यावरचं कुत्रं उठतं, आणि आम्ही अकराव्यावर राहतो. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण वरणात गूळ किती घालावा यावरसुद्धा दोघींचं एकमत झालेलं नव्हतं. नळीवर मात्र एका मिनिटात झालं.

आईनं चष्मा लावून नळीवरची अक्षरं वाचली. "स्टिरॉइड? चार महिन्यांच्या पोरीला? कुस्तीला पाठवायचीय का?"

"काहून वं माय," सासूबाई म्हणाल्या, "लेकराले असं काही लावत असते का? तुह्या नवऱ्याले अस्संच झालतं. पेजेच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, आठ दिवसांत साफ."

"आठ दिवसांत?" आईनं विचारलं.

"नाही तं नऊ."

झालं. नळी आणि बरणी कपाटात गेली आणि मुलीची वाटणी झाली. अंघोळ सासूबाईंची, अंघोळीनंतरचं सगळं आईचं.

सासूबाई रोज भात शिजवायच्या, पेज फडक्यातून गाळायच्या आणि कोमट करून टबात ओतायच्या. त्या पाण्यात मुलगी खरंच शांत व्हायची, हे कबूल करायला हवं. डबक्यात म्हैस बसावी तशी डोळे मिटून बसायची. पाण्याबाहेर काढली की पुन्हा भोंगा. आणि पेज काढलेला भात टाकवत नाही, म्हणून त्या दिवसांत आम्ही भात, फोडणीचा भात, दही-भात आणि कंटाळा आला की नुसता भात खाल्ला. भंडारा जिल्ह्याचं अर्धं पीक मी एकटीनं संपवलं असेन.

आईचा उपाय होता शंभर वेळा धुतलेलं तूप. त्यासाठी तिनं तांब्याचं ताट आणि जड बुडाचा तांब्या पेठेतून जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. ताटात साजूक तूप घ्यायचं, थोडं पाणी घालायचं, तांब्याच्या बुडानं गोल गोल घोटायचं, पाणी ओतून टाकायचं. ही एक वेळ. अशा शंभर. तूप पांढरं, हलकं, थंडगार होतं आणि कातडीची आग शमवतं. आईचा खांदा धरलेला, सासूबाईंचा उपाय वेगळा, त्यामुळे घोटायला मी.

सत्तावन्नपर्यंत गेले की मुलगी रडायची. तिला घेऊन, फिरवून, निजवून परत यायचं.

"कितीवर होते गं मी?"

"मला काय विचारतेस? घोटणारीनं मोजायचं असतं. पहिल्यापासून कर."

असं तीन दिवस. नीट हिशेब केला तर मी पंचवीस हजार वेळा तूप धुतलं असेल. टँकरवाल्यानं सोसायटीत चौकशी केली म्हणे, अकराव्या मजल्यावर लाँड्री काढलीय का.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळिसावर माझी मान गेली ती थेट ताटात. जाग आली तेव्हा कपाळाला तूप आणि समोर ताटात तो पांढरा, फुगलेला गोळा. मी त्याच्याकडे बघत बसले. मुलगी आत झोपेतच गाल घासत कण्हत होती. आई आडवी झालेली, सासूबाईंची मालिका चाललेली. आणि मला एकदम दिसलं की हे तूप आणि कपाटातल्या बरणीतलं क्रीम अगदी सख्ख्या बहिणींसारखी आहेत.

पुढचं सगळं हातानंच केलं, डोकं त्यात नव्हतं. स्टीलची डबी घेतली, बरणीतलं क्रीम तिच्यात भरलं, वास यावा म्हणून काठाला बोटभर तूप फिरवलं. ताटातलं तूप माझ्या टाचांना लावलं. आई उठली तेव्हा "शंभर झाले" म्हणून डबी तिच्या हातात दिली. आणि नळी उशीच्या अभ्र्यात लपवली. रोज दोन्ही आयांच्या नजरा चुकवून लाल भागावर पातळ लावायची, अगदी डॉक्टरबाईंनी सांगितली होती तशी.

चार-पाच दिवसांत गाल निवळले. एका दुपारी मुलगी सलग दोन तास झोपली. आम्हाला सवय नव्हती, त्यामुळे तिघीही पाळण्याभोवती उभ्या राहून श्वास चालू आहे ना ते बघत होतो.

आईनं नारायण पेठेत फोन लावले. "शंभर वेळा, हो. नव्याण्णव चालत नाही."

"तूप बी चांगलं हाय इहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "पण कातडी नरम केली ते पेजेनं."

"हो का? मग तुपाला उगीच त्रास दिला आपण."

खरं सांगायला हवं होतं, पण घरात दोन म्हाताऱ्या खुशीत होत्या आणि मला सलग दोन तास मिळत होते. दोन तासांसाठी मी त्या वेळी याहून मोठं खोटं बोलले असते.

मग आई म्हणाली, "आता बरी झालीय. डाळीचं पीठ सुरू करू. अंगावरची लव जायला हवी."

"हो नं," सासूबाई म्हणाल्या. "कपाळ तं पाहा, अस्वलाच्या पिल्लावानी हाय." चार वर्षांतलं दुसरं एकमत.

"नको," मी म्हटलं. "कातडी अजून नाजूक आहे."

"काही झालं तर तूप आहेच की," आई म्हणाली.

तूप नव्हतंच, हे माहीत असलेली घरात मी एकटी. माझ्याच डबीचं झाकण माझ्या तोंडावर बसलं. दोन सकाळी डाळीचं पीठ, हळद आणि साय घेऊन दोघींनी आळीपाळीनं मुलीला चोळलं. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी.

तिसऱ्या दिवशी गाल ओले झाले होते. हळदीनं पिवळे दिसतायत असं वाटलं, पुसायला गेले तर पाझरत होते. आणि ती ओरडत नव्हती. ओरडण्याचा कंटाळा आल्यासारखी बारीक कण्हत होती. चार महिन्यांचं पोर माझ्यापेक्षा दमलेलं दिसत होतं.

तिघी आणि ती, एका रिक्षात बसून दवाखान्यात गेलो.

"आई, काय काय लावलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

समोर तीन आया होत्या. तिघींनी एकदम उत्तर दिलं. मग आईनं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. "शतधौत घृत. घरचं. त्यानंच बरी झाली होती. त्या तुमच्या नळीला आम्ही हात लावलेला नाही."

डॉक्टरबाईंनी गाल बघितले, मानेखाली बघितलं, आणि माझ्याकडे वळल्या. "नळी लावलीच नाही की लावूनही उसळलंय? लावूनही उसळलं असेल तर मला औषध बदलायचा विचार करावा लागेल. नीट आठवून सांगा."

आठवायचं काहीच नव्हतं. मांडीवर मुलगी कण्हत होती.

"लावली," मी म्हटलं. "रोज. आणि या डबीत तूप नाहीये. तुमच्या बरणीतलं क्रीम आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरबाईंनी डबी उघडली, वास घेतला. "काठाला आहे थोडं," म्हणाल्या. "म्हणजे औषधानं बरं होत होतं. मग बिघडलं कशानं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "डाळीच्या पिठानं. दोन दिवस मी चोळलंय."

"मी नाही," असं सासूबाई म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "दोघींनी चोळलं, इहीणबाई." आणि पहिल्यांदाच इतक्या हळू की डॉक्टरबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पीठ, हळद, साय बंद. पेजेचं पाणी चालेल, पण कोमट आणि चोळायचं नाही, दहा मिनिटांत बाहेर. अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम. पाझरतंय म्हणून सोबत आणखी एक मलम. "हे जाईल, परत येईल," त्या म्हणाल्या. "वर्ष, दोन वर्षं. दमू नका." हे शेवटचं त्या मलाच म्हणाल्या असाव्यात, कारण मी तेव्हा भिंतीला टेकले होते.

"आन् तूप?" सासूबाईंनी विचारलं, आईच्या वतीनं.

"पोळीला लावा."

परतताना रिक्षा खराडीच्या सिग्नलला अडकली. तो सिग्नल एका पिढीला पुरतो. आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "कितीपर्यंत धुतलं होतंस?"

"एक्केचाळीस."

"आणि मी सगळ्या पेठेला शंभर सांगून बसले."

"मग आता फोन करून सांगणार का?"

"मी? वेडी आहेस का?"

घरी आल्यावर सासूबाईंनी मुलीला पेजेच्या पाण्यात नुसतं बसवलं. चोळायला हात आपोआप पुढे जायचे, ते मागे घेऊन पदरात गुंडाळून बसायच्या. आईनं चष्मा लावून बरणीवरची सगळी बारीक अक्षरं वाचली, बोटावर क्रीम घेतलं आणि मला दाखवलं. "एवढं?"

जन्मात पहिल्यांदा ती मला विचारत होती. "थोडं अजून," मी म्हटलं.

मुलीला गोधडीवर ठेवलं. तिचा हात वर गेला, गालाकडे. आम्ही तिघी जागच्या जागी थांबलो. हात गालापाशी घुटमळला, एकदा हलकेच घासला आणि खाली पडला. ती झोपली.

"तू आडवी हो," आई म्हणाली. "आम्ही दोघी बघतो."

मी शेजारीच जमिनीवर आडवी झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच खरखर आवाज आला आणि मी ताडकन उठून बसले. मुलगी गाढ झोपेत. आई तिच्याकडे पाठ करून स्वतःच्या कोपराच्या आतला लाल, खरखरीत चट्टा खाजवत होती.

"डास," ती म्हणाली. "झोप."