लीव्हन रंगाऱ्याचा लांब सूर

शेल्ट नदीकाठच्या त्या गावात लीव्हन रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. आठवडाभर तो लोकर निळीच्या पिंपात बुचकळायचा आणि रविवारी तेच हात छातीशी धरून चर्चमध्ये गायचा. इतरांचे आवाज वेलीसारखे चढायचे, उतरायचे. लीव्हनचा सूर मात्र मांडवाच्या खांबासारखा खाली उभा. तो खांब त्याने कधी हलू दिला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता, आणि असावाच.

अलीकडे त्याची नजर मंदावली होती. जुनी स्तोत्रं पाठ असल्याने ते कुणाला कळलं नाही. बायकोला, माख्टेल्टला, मात्र कळलं होतं. मग मेरीमातेच्या सणासाठी चर्चचं गाणं बसवणाऱ्या खोरिस मास्तरांनी नवं मोटेट, म्हणजे चार आवाजांत गुंफलेलं स्तोत्र, आणलं. सगळे एकाच भल्यामोठ्या पोथीतून गात. प्रत्येक आवाजाचे सूर पानाच्या आपापल्या कोपऱ्यात लिहिलेले. लीव्हनच्या वाट्याला सूर थोडे आणि लांब, म्हणून पान उलटायचं काम त्याच्याकडे.

पहिल्याच तालमीत त्याने कानाच्या अंदाजाने पान उलटलं. अंदाज चुकला. वरच्या पट्टीत गाणाऱ्यांची अर्धी ओळ पानाआड गेली, तोंडं उघडी ती उघडीच राहिली आणि स्तोत्र ओल्या भिंतीसारखं बसलं.

"पान उलटलंस की पिंपातली लोकर?" शेजारचा हुब्रेख्ट खाटीक म्हणाला. त्याचा आवाज खर्जाचा. त्याची कुजबुजही दारापर्यंत जायची.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हा सूर कुठला, लीव्हन?"

लीव्हन वाकला. आणखी वाकला. नाक पानाला टेकलं.

"दिसत नाही, मास्तर."

पोथी दिसेना झाली की गाणाऱ्याने गायकांची पायरी उतरायची, म्हणजे गाणं सोडायचं, असा तिथला नियम. लीव्हनने टोपी उचलली.

"कुठे निघालास?" मास्तरांनी विचारलं.

"नियम आहे ना."

"नियम लावतो मी. वाकवायचा कधी, तेही मीच बघेन. मेरीमातेच्या सणाची जुनी चाल म्हण. साधी, सगळं गाव म्हणतं ती."

लीव्हनने म्हटली. ती त्याला आईच्या दुधाबरोबरच मिळाली होती.

"झालं तर. या मोटेटमध्ये तुझा भाग म्हणजे तीच चाल, ताणून लांब केलेली. सूर तुझ्यापाशी आहेत. किती लांबवायचे आणि मधे किती गप्प राहायचं, एवढंच राहिलं."

"ते कशात बघू?"

"बघू नकोस. हुब्रेख्ट, याच्या खांद्यावर ठेका धर. पानही आता तूच उलट."

शेजाऱ्याच्या खांद्यावर बोटांनी ठेका देण्याची रीत तिथे होतीच, पण हुब्रेख्ट बावरला. "मी खांदे तोडतो, मास्तर. ठेके धरत नाही."

"मग शीक."

हुब्रेख्ट रोज लीव्हनच्या रंगाच्या कारखान्यात यायला लागला. लीव्हन लोकर ढवळत गाई, हुब्रेख्ट मागे उभा राहून ठोके देई.

"हळू रे, जिवंत आहे मी अजून," लीव्हन ओरडे.

माख्टेल्ट भाकरी आणि खारवलेला मासा आणून ठेवी, आणि गाणं ऐकत दारातच रेंगाळे.

सणाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. बाकीचे तिन्ही आवाज सुरू झाले. लीव्हनला आधी गप्प राहायचं होतं. ती शांतता फार लांब होती. पोथी म्हणजे त्याला पांढरं धुकं. आपण विसरलो की काय? पण खांद्यावरची जाड बोटं न चुकता चालत होती. ती किंचित दाबली गेली तसं त्याने तोंड उघडलं. सूर लागला, टिकला, आणि बाकीचे तिन्ही आवाज त्यावर निर्धास्त विसावले.

बाहेर पायऱ्यांवर मास्तरांनी त्याला गाठलं. "नाताळचं मोटेट कुठल्या चालीवर आहे, ते आजच सांगून ठेवतो."

"म्हणजे माझी बोटंही सुटली नाहीत," हुब्रेख्ट कुरकुरला, आणि कुठली चाल म्हणून त्यानेच आधी विचारलं.