आईचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो

सौंसरच्या प्राथमिक शाळेत मला बाई म्हणून लागून दुसरं वर्ष होतं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून एक फिरती फोटोग्राफी कार्यशाळा आली. रोज एसटीनं वेगळ्या गावी जायचं, रामाकोना, मोहगाव, जामसांवली, आणि शेवटी पांढुर्ण्याच्या एका शाळेत प्रदर्शन. शिकणारे अकरा, त्यात बाई मी एकटीच. कॅमेरे शिकवणाऱ्या सरांचे. प्रत्येकाला दिवसाला मोजून बारा फोटो.

शिकवायला सर चांगले होते, हे कबूल करायला हवं. रंग विसरा, फक्त उजेड बघा, म्हणायचे. संत्र्याच्या बागेत उभं करून त्यांनी दाखवलं, की फळ आणि पान दोन्ही कागदावर सारख्याच राखाडी रंगाची येतात. शाळेच्या सामानाच्या खोलीत खिडक्यांना काळं कापड लावून, लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात माझा पहिला फोटो उगवला तेव्हा मला रडू आलं होतं.

मोहगावजवळच्या ज्या बागेत आम्ही जाणार होतो, तिथं माझी आई तोडणीला जायची. मी तिला आधीच सांगून ठेवलं, उद्या तुझा फोटो काढीन. तिचा एकटीचा फोटो कधीच निघाला नव्हता. चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायचं पांढरं, निळ्या काठाचं लुगडं पिशवीत घालून ती कामावर गेली. आम्ही पोचलो तेव्हा ते नेसून, केसांना तेल लावून, झाडाखाली ताठ उभी होती. सोबतच्या बाया तिची थट्टा करत होत्या आणि ती लाजत होती.

सरांनी मला बाजूला घेतलं. उन्हात पांढरं जळून जातं म्हणाले, कागदावर नुसता डाग उरेल. तिला कामाच्या कपड्यात घ्या. सुरकुत्या, मळ, घाम, हेच तर ब्लॅक अँड व्हाईट.

मी आईजवळ गेले. लुगडं बदल म्हटलं.

"कायले? चांगलं नाही दिसून राहिलं?"

"सर म्हणतात यात फोटो येत नाही."

ती झाडांच्या मागं गेली आणि कामाचं लुगडं आणि बाहीला फाटलेलं पोलकं घालून आली. केस मात्र चापूनचोपून बसलेले. ते मी माझ्या हातानं विस्कटले. सरांनी मला तसं सांगितलं नव्हतं. मला ते आपोआप सुचलं. आईनं मान हलवली नाही, मला करू दिलं.

पांढुर्ण्याच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिला नंबर मिळाला. शाळेच्या हॉलमध्ये मधोमध लावला होता, खाली पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'श्रम'. आईला मी आग्रह करून बोलावलं होतं. ती पांढरं लुगडं नेसून एसटीनं आली. सर पाहुण्यांना तिच्या गळ्याच्या शिरा बोटानं दाखवत होते. ही बघा उपेक्षा, ही बघा भूक, म्हणत होते. भूक कसली, फोटोच्या दिवशी तिनं माझ्यासाठी चून-भाकर बांधून आणली होती. ती त्यांच्या मागं दोन हातांवर उभी होती. एकानंही ओळखलं नाही. मी पुढं होऊन ही माझी आई म्हणायला हवं होतं. आमच्या शाळेचे हेडमास्तर त्या पाहुण्यांत होते. मी तोंड उघडलं नाही.

मग ती फोटोजवळ गेली, बराच वेळ पाहत राहिली आणि मला हळूच विचारलं, "मी तुले असीच दिसतो का?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो. मी म्हटलं, "फोटो चांगला आहे माय, पहिला नंबर आला."

"हो," ती म्हणाली, "तुहा नंबर आला."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मी सर्टिफिकेट मांडीवर धरून होते. सौंसर येईपर्यंत तिनं शेजारच्या अनोळखी बाईशी कापसाच्या गोष्टी केल्या.

पुढल्या वर्षी कार्यशाळा पुन्हा आली. गेले नाही असं सांगायला आवडलं असतं, पण मी गेले. त्या वेळी सरांनी शटरची उघडझाप आणि उजेडाचं मोजमाप नीट शिकवलं. पांढरा कपडा उन्हात कसा घ्यायचा तेही. कॅमेऱ्याचं तोंड एक घर बारीक करायचं, बस्स. वहीत उतरवून घेताना माझा हात थांबला. मी सरांना विचारलं, मग गेल्या वर्षी का नाही सांगितलं? ते हसले. म्हणाले, "सांगितलं असतं तर तो फोटो झाला असता का?"

मला रागही आला नाही, हेच वाईट. कारण ते खरं बोलत होते, आणि तो फोटो मला तेव्हाही आवडत होता.

आईनं त्यानंतर कोणालाच फोटो काढू दिला नाही. माझ्या लग्नात फोटोवाला आला की ती उठून स्वयंपाकाकडे जायची. मी एकदा हात धरून बसवायला गेले. तिनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, भात लागून राहिला असंन.