विमानातला रुमाल

नागपूरहून बंगळुरूला जाणाऱ्या विमानात मी माझ्या मधल्या सीटपाशी पोचलो, तर तिथे भांडण चाललेलं. एका बाईनं वाटेकडच्या सीटवर रुमाल टाकला होता, आणि एक टायवाला गृहस्थ तिला तिकीट दाखवत होता.

"दिस सीट इज माइन!"

"माइन मंजे काय हो, भाऊ?" तिनं मला विचारलं. बोली आमच्या खामगावकडची.

"माझी."

"मंग रुमाल माइन!" ती त्याच्यावर कडाडली.

एसटीत रुमाल पडला की सीट आपली, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

शेवटी ती स्वतःच्या खिडकीच्या सीटवर सरकली. "वाटेपाशी असलं का लवकर उतरता येते, म्हणून टाकला होता," ती पुटपुटली. रुमाल तिनं बोटांभोवती इतका आवळला होता, की बोटं पांढरी पडली होती.

"भेव लागून राह्यलं का, मावशी?"

"विमानाचं नाई. पोरगी दवाखान्यात हाये. माइन." मग तिनं विचारलं, "तिथचा डाक्टर इंग्रजीतच बोलते म्हन्तात. पोरगी वाचते का नाई, हे त्याले कसं इचारू?"

"विल शी लिव्ह?" मी शिकवलं.

विमान धावू लागलं, तशी ती डोळे मिटून तेच घोकू लागली. मग एकदम थांबली.

"त्यानं काय म्हटलं मंजे ते वाचते?"

"येस."

"अन् दुसरं काई म्हटलं तं?"

"येस एवढंच ध्यानात ठेवा, मावशी," मी म्हटलं आणि माझा पट्टा उगाच आणखी आवळला.